युद्ध पुढे निघून गेल्यावर उरलेली बेटे

युद्धाच्या इतिहासात बेट जिंकल्याची हकिकत बहुधा एका तारखेत आटोपते. इंग्लिश खाडीतले गर्न्सी ३० जून १९४० रोजी जर्मनीच्या हाती पडले, पॅसिफिकमधले वेक २३ डिसेंबर १९४१ रोजी आणि अंदमानातले पोर्ट ब्लेअर २३ मार्च १९४२ रोजी जपानच्या. त्या तारखेपुढे एखादा परिच्छेद असतो, सोबत बाण काढलेला नकाशा असतो आणि पान उलटेपर्यंत लेखक दुसऱ्या आघाडीकडे वळलेला असतो. दुसऱ्या महायुद्धाविषयी वाचताना मला नेहमी त्या मागे राहिलेल्या बेटाची काळजी लागून राहते. ज्याच्यासाठी आरमारे हलली, त्या बेटावरची माणसे पुढची तीन-चार वर्षे काय खात होती, चूल कशावर पेटवत होती, आजारी पडल्यावर औषध कुठून मिळवत होती, हे मी शोधत राहते. या वाचनातून माझे एक मत पक्के होत गेले आहे. बेट घेण्याच्या दिवशी जे घडते त्याहून मोठा अनर्थ त्याचे लष्करी मोल संपल्यानंतर घडतो, आणि त्याची जबाबदारी कुणीच आपली मानत नाही.

बेटाचे लष्करी मोल त्याच्या मातीत क्वचित असते. बहुतेक वेळा ते त्याच्या जागेत असते. विमान एका उड्डाणात किती लांब जाऊन परत येऊ शकते, पाणबुडीला इंधन कुठे मिळते, मालवाहू जहाजांचा काफिला कोणत्या वाटेने जातो, या प्रश्नांची उत्तरे नकाशावर मांडली की काही ठिपके एकदम महत्त्वाचे होतात. ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपानच्या हाती आले आणि ब्रह्मदेशातल्या सैन्याला समुद्रमार्गे रसद पोचवायची म्हटल्यावर त्या मार्गालगतचे अंदमान ब्रिटिशांकडे राहू देणे जपानला परवडणारे नव्हते. जपानी सैन्य दोनच आठवड्यांत पोर्ट ब्लेअरला उतरले. ब्रिटिशांनी आपली शिबंदी आधीच काढून घेतली होती, त्यामुळे लढाई अशी झालीच नाही. बेटाला महत्त्व देणारी ही सारी कारणे बेटाबाहेरची होती, आणि पुढे ती नाहीशी झाली तीही बेटावरच्या कुणाला न विचारता.

बेट घेणे आणि बेट राखणे यांतला फरक मराठी वाचकाला खांदेरीवरून चटकन समजावा. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी यांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या या निर्जन बेटावर तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा इंग्रजांनी मोठी जहाजे आणून बेटाची कोंडी करण्याचा प्रयत्न केला. उथळ पाण्यातून वल्ह्यांवर चालणारी मराठ्यांची लहान गलबते रात्रीच्या अंधारात इंग्रजांना चुकवून किनाऱ्यावरून बेटावर सामान पोचवत राहिली. काही महिन्यांनी इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. तोफांच्या लढाईचे वर्णन रोमहर्षक आहे, पण माझ्या मते त्या मोहिमेचा निकाल रात्रीच्या त्या फेऱ्यांनी लावला. बेटावरच्या माणसाला आणि किनाऱ्याला जोडणारी होडी चालू असेपर्यंत बेट तगते. ती थांबली की तिथे कोणाचे निशाण फडकते आहे याला अर्थ उरत नाही.

आइसलंडकडे पाहिले की हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. हा देश तटस्थ होता. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केल्यावर उत्तर अटलांटिकचा मार्ग सुरक्षित राखण्यासाठी १० मे रोजी ब्रिटिश सैन्य रेक्याविकला उतरले. तिथल्या सरकारने निषेध नोंदवला, लोकांनी प्रतिकार केला नाही आणि पुढच्या वर्षी ब्रिटिशांच्या जागी अमेरिकी सैन्य येऊ लागले. परकी सैन्य परवानगीवाचून आले हे खरे, तरी बंदर शेवटपर्यंत चालू राहिले, लोकांच्या हाताला काम मिळाले, आणि युद्धाच्या काळात देशाची सांपत्तिक स्थिती सुधारली. ताबा घेणारा कोण होता यावर बरेच काही अवलंबून होते, हे मी नाकारत नाही. पण जहाजे येत-जात राहिली हे त्याहून महत्त्वाचे होते, असे मला वाटते.

इंग्लिश खाडीतल्या चॅनल बेटांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना ब्रिटनने ही बेटे लढवायची नाहीत असे ठरवले आणि तिथले सैन्य काढून घेतले. गर्न्सीच्या लोकसंख्येतले सुमारे १७,००० लोक, त्यांत हजारो शाळकरी मुले, घाईघाईने इंग्लंडला हलवण्यात आले. जर्सीतून तुलनेने थोडे लोक गेले, आणि ऑल्डर्नी जवळजवळ रिकामे झाले. सैन्य काढल्याची गोष्ट जर्मनांपर्यंत वेळेवर पोचली नाही. २८ जूनच्या संध्याकाळी गर्न्सीच्या सेंट पीटर पोर्ट बंदरात टोमॅटोने भरलेले ट्रक जहाजावर माल चढवण्यासाठी रांगेत उभे होते. जर्मन वैमानिकांना ती लष्करी वाहनांची रांग वाटली आणि त्यांनी बॉम्ब टाकले. दोन्ही मोठ्या बेटांवर मिळून त्या दिवशी ४४ माणसे गेली. जूनअखेर म्हणजे टोमॅटोचा हंगाम, आणि त्या बेटाची अर्थव्यवस्थाच टोमॅटोवर चाललेली. रोजच्या कामाला आलेले ट्रकवाले आपापल्या गाडीखाली आसरा घेताना मेले. लढाई न करता सोडलेल्या बेटावरही पहिला बळी कसा जातो हे मला त्या रांगेमुळे समजले.

नंतरची चार वर्षे कठीण होती, पण जगता येण्याजोगी होती, कारण अन्नधान्य फ्रान्सच्या किनाऱ्यावरून येत होते. हिटलरच्या हुकमावरून बेटांवर काँक्रीटच्या तटबंदीचे प्रचंड काम झाले. त्यासाठी आणलेल्या परदेशी मजुरांपैकी, मुख्यतः पूर्व युरोपातून आणलेल्यांपैकी, शेकडो जण ऑल्डर्नीच्या छावण्यांत मेले. १९४२ मध्ये रेडिओ जप्त झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये जन्मलेल्या दोन हजारांच्या आसपास रहिवाशांना जर्मनीतल्या छावण्यांत धाडण्यात आले. खरी भीषण वेळ मात्र आली ती ज्यांच्या विजयाची लोक वाट पाहत होते त्यांच्याच विजयाने. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरले, ऑगस्टपर्यंत लगतचा फ्रेंच किनारा त्यांच्या हाती आला, आणि बेटांचा अन्नपुरवठा तुटला. पलीकडचा किनारा स्वतंत्र झाला होता, तोफांचे आवाज ऐकू येत होते, आणि बेटांवर सुमारे ६०,००० नागरिक व २८,००० जर्मन सैनिक एकमेकांकडे पाहत उपाशी राहू लागले.

या टप्प्यावर जो पत्रव्यवहार झाला तो मला फार अस्वस्थ करतो. नागरिकांना खाऊ घालणे ही ताबा घेणाऱ्याची जबाबदारी आहे, अशी ब्रिटनची भूमिका होती. आणि ती कायद्याच्या भाषेत चूक नव्हती. जर्मन सैन्याला उपासमारीने शरण आणता येईल, मग आपण धान्य कशाला पाठवायचे, हा विचार त्यामागे होता आणि चर्चिल यांचा कलही तिकडेच होता. जर्मन अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की आमच्याकडेच काही नाही. शेवटी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने रेडक्रॉसमार्फत मदत पाठवायला संमती दिली आणि ‘वेगा’ हे जहाज २७ डिसेंबर १९४४ रोजी गर्न्सीला लागले. त्यात कॅनडा आणि न्यूझीलंडमध्ये बांधलेली युद्धकैद्यांसाठीची पार्सले होती: लोणी, दुधाची भुकटी, मांसाचे डबे, चॉकलेट, साबण. पार्सनिप हे गाजरासारखे कंद भाजून केलेली कॉफी आणि काटेरी झुडपांच्या पाल्याचा चहा पिणाऱ्या घरांत त्या वस्तू आल्या तेव्हा पुष्कळांनी डबे उघडण्याआधी नुसते मांडून पाहिले असतील. जर्मन सैनिक स्वतः चिडवणीच्या पाल्याचे सूप पीत होते, आणि तरीही नागरिकांची पार्सले मोठ्या प्रमाणावर लुटली गेली नाहीत. फेब्रुवारी १९४५ मध्ये गर्न्सीत पाव मिळेनासा झाला, तेव्हा ‘वेगा’नेच पीठ आणले. गर्न्सी आणि जर्सी मुक्त झाली ती ९ मे रोजी, बर्लिन पडल्यानंतर.

अंदमानात ‘वेगा’ आले नाही.

पोर्ट ब्लेअरला जाणारा मराठी माणूस सेल्युलर जेल पाहतो, सावरकरांच्या कोठडीपुढे उभा राहतो, आणि हे स्वाभाविकच आहे. मीही तेच केले. पण त्याच इमारतीत १९४२ ते १९४५ या काळात जपान्यांनी कोंडलेल्या माणसांबद्दल तिथे विचारणारे फार थोडे भेटतात. पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटावर झाडांच्या मुळांनी वेढलेल्या ब्रिटिश वाड्यांच्या जवळच जपानी बंकर आहेत. जाड भिंतीतल्या अरुंद फटीतून आत डोकावले तर समोर फक्त समुद्राची पट्टी दिसते; बंदुकीला जेवढे दिसायला हवे तेवढेच. बेटावरची वस्ती त्या फटीतून दिसत नाही.

सुरुवातीला स्थानिक लोकांपैकी अनेकांनी जपान्यांचे स्वागत केले होते, कारण गेलेला सत्ताधीश तुरुंगाचा मालक होता. पुढे जपानी जहाजे बुडू लागली आणि बातम्या फुटत असल्याचा संशय बळावला. बातम्या फुटतही होत्या: १९४३ च्या आरंभापासून ब्रिटिशांच्या हेर तुकड्या पाणबुडीतून उतरून जंगलात वावरत होत्या. त्या सापडल्या नाहीत. सापडले ते गावात राहणारे शिक्षक, कारकून, डॉक्टर, शेतकरी. पंजाबी कवी आणि डॉक्टर असलेले दिवाणसिंग हे पोर्ट ब्लेअरमधल्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे प्रमुख होते, म्हणजे जपानच्या मित्रसंघटनेचेच. त्यांना पकडून सेल्युलर जेलमध्ये ठेवण्यात आले आणि अनन्वित छळानंतर १४ जानेवारी १९४४ रोजी ते वारले. त्याआधी, २९ डिसेंबर १९४३ रोजी, नेताजी सुभाषचंद्र बोस पोर्ट ब्लेअरला आले होते. ३० तारखेला त्यांनी तिरंगा फडकवला, सेल्युलर जेललाही भेट दिली, आणि दिवाणसिंग त्याच तुरुंगात होते. कैद्यांची हकिकत नेताजींच्या कानावर जाऊ दिली गेली नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मलाही तेच पटते. महिनाभरात, ३० जानेवारी १९४४ रोजी, होम्फ्रेगंज येथे हेरगिरीच्या आरोपावरून ४४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

यानंतर भूक आली. अंदमानला लागणारा तांदूळ बाहेरून येत असे, आणि दोस्तांच्या पाणबुड्या व विमाने यांनी तो मार्ग बंद केला. ब्रिटिशांची फेरचढाई अंदमानवर झाली नाही. ब्रह्मदेश जमिनीच्या बाजूने जिंकला गेला, आणि ज्या रंगूनसाठी हे बेट घेतले गेले ते मे १९४५ मध्ये जपानच्या हातून गेल्यावर पोर्ट ब्लेअरच्या शिबंदीला तिथे बसून राहण्याखेरीज काही काम उरले नाही. खाणारी तोंडे कमी करणे हा त्यांनी काढलेला मार्ग होता. युद्धाच्या अगदी अखेरच्या आठवड्यांत काही शे माणसांना शेती करायला नेतो असे सांगून होड्यांत बसवण्यात आले आणि हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकलण्यात आले. बरेच जण बुडाले. जे किनाऱ्याला लागले त्यांच्यासाठी तिथे खायला काही नव्हते. फारच थोडे वाचले. ज्याला आज आपण स्वराज द्वीप म्हणतो, ते हेच बेट. जपानी सैन्याने पोर्ट ब्लेअरच्या जिमखाना मैदानावर रीतसर शरणागती पत्करली ती ९ ऑक्टोबर १९४५ रोजी, म्हणजे टोकियोच्या उपसागरात जपानने शरणागतीवर केलेल्या स्वाक्षऱ्यांनंतर महिन्याहून अधिक काळाने.

पॅसिफिक महासागरात या उपासमारीला रणनीतीचेच रूप मिळाले. प्रत्येक बेट लढून घ्यायचे नाही. जपानचे बळकट तळ बाजूला टाकून पुढचे बेट घ्यायचे, आणि मागे राहिलेल्यांची रसद तोडून त्यांना निकामी करायचे, असे अमेरिकी सेनानींनी ठरवले. लष्करी दृष्टीने हे शहाणपणाचे होते, यात मला शंका नाही. पेलेलियूसारखे बेट लढून घेतले तेव्हा काय झाले ते समोर आहे: १९४४ च्या सप्टेंबरात सुरू झालेली ती लढाई दोन महिन्यांहून जास्त चालली, १०,००० हून अधिक जपानी सैनिक मेले, अमेरिकी मृतांची संख्या हजारांत गेली, आणि ज्या धावपट्टीसाठी हे केले तिचा पुढच्या मोहिमेला फारसा उपयोग झाला नाही. तेव्हा बेटे टाळून पुढे जाणाऱ्या सेनापतीला दोष देणे सोपे नाही. पण टाळलेल्या बेटांवर फक्त जपानी सैनिक राहत नव्हते.

नाउरू हे फॉस्फेटमुळे महत्त्वाचे ठरलेले बेट जपानने ऑगस्ट १९४२ मध्ये घेतले. तिथे धावपट्टी बांधली गेली, तिच्यावर अमेरिकी विमानांचे हल्ले सुरू झाले आणि जहाजे येईनाशी झाली. १९४३ मध्ये जपान्यांनी सुमारे १,२०० नाउरूवासीयांना, म्हणजे बहुसंख्य लोकांना, दीड हजार किलोमीटरहून लांबच्या ट्रुक बेटांवर नेऊन मजुरीला लावले. त्याच वर्षी कुष्ठरोगाच्या ३९ रुग्णांना होडीत बसवून समुद्रात नेऊन मारण्यात आले. बेटावर उरलेल्यांनी आणि शिबंदीने जगण्यासाठी रिकाम्या पिंपांत मैला भरून त्यात भोपळ्याचे वेल लावले, कारण फॉस्फेटच्या त्या खडकावर शेतीला माती नव्हती. जगभरच्या शेतांना खत पुरवणाऱ्या बेटाला स्वतःपुरते पीक असे काढावे लागले. इकडे ट्रुकवर फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकेने विमानांनी मोठा हल्ला केला, जपानचा तो प्रचंड आरमारी तळ पांगळा केला आणि मग त्याला वळसा घालून अमेरिकी आरमार पुढे गेले. त्यामुळे आपल्या बेटावरून उचलून आणलेले नाउरूवासी दुसऱ्या टाकून दिलेल्या बेटावर अडकले. ३१ जानेवारी १९४६ रोजी ते परत आले तेव्हा ७३७ उरले होते. १९६८ मध्ये नाउरू स्वतंत्र झाला तेव्हा स्वातंत्र्यदिनासाठी त्यांनी मुद्दाम तीच तारीख निवडली.

वेक बेटावर मूळची वस्ती नव्हती, पण युद्धापूर्वी तळ बांधायला आलेले अमेरिकी बांधकाम कामगार होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकी विमानांच्या मोठ्या हल्ल्यानंतर आता फौज उतरणार या भीतीने जपानी सेनापतीने मागे ठेवलेल्या ९८ कामगारांना ठार केले. फौज उतरलीच नाही. वेक टाळले गेले होते, आणि जपानी शिबंदी पुढची दोन वर्षे तिथे उपाशी राहिली. या बेटावर उडता न येणारा एक लहान पाणकोंबडीसारखा पक्षी होता, जो जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. भुकेल्या सैनिकांनी तो मारून खाल्ला आणि युद्ध संपेपर्यंत त्याची जातच नामशेष झाली. मी त्या सैनिकांना दोष देत नाही.

राखता न येणारे बेट वेळेवर सोडून देण्याचे शहाणपण क्वचितच कुणी दाखवले आहे. अलास्काच्या टोकाशी असलेल्या किस्का बेटावरून जपानने जुलै १९४३ मध्ये दाट धुक्याचा फायदा घेऊन पाच हजारांहून अधिक सैनिक तासाभरात जहाजांवर चढवले आणि नेले. ऑगस्टमध्ये सुमारे ३४,००० दोस्त सैनिक उतरले ते रिकाम्या बेटावर. आपल्या काळात काळ्या समुद्रातल्या युक्रेनच्या स्नेक आयलंडचे असेच झाले. रशियाने ते २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी घेतले. पाव चौरस किलोमीटरही नसलेले हे बेट ओडेसाच्या सागरी वाटेवर नजर ठेवणारे. एप्रिलमध्ये रशियाची मॉस्क्वा ही युद्धनौका बुडाली, नंतर रसद आणणाऱ्या होड्यांवर ड्रोनचे हल्ले होऊ लागले, आणि ३० जूनला रशियाने बेट सोडले. पुढच्याच महिन्यात धान्याची जहाजे बाहेर काढण्याचा करार झाला. त्या बेटावर नागरी वस्ती नसल्यातच जमा होती, म्हणून हा हिशोब तुलनेने सोपा राहिला.

किस्काच्या शेजारचे अट्टू मात्र वस्तीचे होते. तिथल्या चाळिसेक आल्यूट (मूळनिवासी) रहिवाशांना १९४२ मध्ये जपानला, होक्काइदोवरच्या ओतारू गावी नेले गेले. भुकेने आणि क्षयाने त्यांतले जवळजवळ निम्मे तिथेच गेले. जे वाचले त्यांना युद्धानंतर अमेरिकी सरकारने अट्टूला परत जाऊ दिले नाही. अटका नावाच्या दुसऱ्या बेटावर वसवले. अट्टू जपानकडून परत मिळवण्यासाठी मे १९४३ मध्ये ५४९ अमेरिकी सैनिकांनी प्राण दिले होते.

युद्धकाळातल्या नागरिकांच्या संरक्षणासाठी झालेल्या १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने यांतल्या काही गोष्टींना उत्तर दिले. कलम ४९ ने व्याप्त प्रदेशातल्या लोकांची हद्दपारी निषिद्ध ठरवली. कलम ५५ प्रमाणे लोकांना अन्न आणि औषधे पुरवणे हे ताबा घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि पुरवठा अपुरा पडला तर कलम ५९ प्रमाणे त्याने मदतकार्याला संमती दिलीच पाहिजे. पण कलम ५५ मधले कर्तव्य त्याच्याजवळच्या साधनांच्या मर्यादेत आहे, आणि टाळून टाकलेल्या बेटावर ताबा घेणाऱ्याकडे साधनेच नसतात. कलम ५९ इतर देशांनाही मदतीची जहाजे जाऊ द्यायला सांगते, मात्र माल शत्रूच्या सैन्याच्या पोटात जाणार नाही अशी खात्री मागण्याचा अधिकार वाट अडवणाऱ्याकडे राहतो. १९४४ मध्ये लंडनची शंका हीच होती, आणि ती मान्य करूनही ‘वेगा’ गेले. मात्र तोवर चार महिने वाया गेले होते. वेढा घालून पुढे गेलेल्या सेनेवर, मागे कोंडलेल्या नागरिकांना ठरावीक मुदतीच्या आत अन्न पोचवण्याचे बंधन असायला हवे, शत्रूने मागणी केलेली असो वा नसो, असे माझे मत आहे. यामुळे एखादी शिबंदी काही आठवडे अधिक तग धरेल, हा आक्षेप मला मान्य आहे. पोर्ट ब्लेअरची शिबंदी तशीही शेवटच्या दिवसापर्यंत टिकली होती.